शाळेजवळची पानटपरी

सदाशिव पेठेतली एक पानटपरी मी कायद्याने उठवली, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत टापटीप मूर्खपणा. पन्नाशी आली होती, अक्कल यायची होती. आमचे हे तिथे रोज सिगरेट ओढायचे. शाळेजवळ तंबाखू विकायला बंदी आहे, असा तीन पानी अर्ज मी ठोकला, व्यवस्थित समास सोडून.

टपरीवाल्याचं नाव मला कधीच कळलं नाही. गिऱ्हाईकाकडे न बघता, ओल्या फडक्याने विड्याची पानं पुसत तो बोलायचा. टपरी उचलली, त्या दिवशीही पानंच पुसत होता.

मग हे लांबून अख्खी पाकिटं आणू लागले. आता घरात ऑक्सिजनचं यंत्र घरघरतं. सिगरेटबंदी हवी की नको, यावर टीव्हीवर भांडणारे बघितले की मी नुसती दमते.

परवा तो टपरीवाला मंडईत मेथी विकताना दिसला. मी म्हटलं, "तुमच्यावर राग नव्हता हो. ह्यांची सिगरेट सुटावी, एवढंच."

त्याने जुडीवरची माती झटकली.

"मग मला सांगायचं होतंत, बाई. साहेबांना मी दिवसाला दोनच द्यायचो. तिसरी मागितली की म्हणायचो, संपली."