पांढऱ्या झाकणाची बरणी

प्रयोगशाळेत तिला सगळे सुगरण म्हणायचे. पण ही सुगरण बावीस वर्षं रांधत होती ते जंतूंसाठी. तिथल्या तिच्या हातचं माणसाच्या पोटात कधी गेलं नाही. पावडरी मोजायच्या, पाण्यात विरघळवायच्या, कुकरसारख्या अवाढव्य यंत्रात वाफवायच्या आणि काचेच्या बशांत ओतायच्या. बरणीवरची चिठ्ठी वाचत बसायला वेळ कुणाला? पांढरं झाकण म्हणजे दुधातली साखर, लाल झाकण म्हणजे ग्लुकोज. हात आपसूक जायचा.

तिथे संशोधन करणारी एक पोरगी तिला मावशी म्हणायची. डबा खाताना तीच समजावून सांगायची, "मावशी, हे जंतू भारी लबाड! समोर ग्लुकोज असेल तर दुधातल्या साखरेकडे ढुंकून बघत नाहीत. ती फोडायची जनुकं बंदच ठेवतात. ग्लुकोज संपलं, की थोडा वेळ गप्प बसतात, मग जनुकं उघडतात आणि पुन्हा वाढायला लागतात."

"म्हणजे आमच्या घरच्यांसारखेच की," सुगरण म्हणाली. "आयतं मिळतंय तोवर हात हलवायचा नाही."

पोरीनं चार वर्षं खपून हजारोंतून एक वाण वेचलं होतं. त्याची ही जनुकं इतरांपेक्षा कितीतरी लवकर उघडायची. दुधातल्या साखरेच्या बशीत, जनुकं उघडली तरच निळं होणारं औषध घातलं, की सकाळी जंतूंचे ठिपके निळेशार. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा मात्र विश्वास बसेना.

"माझ्यासमोर एकदा करून दाखव," ते म्हणाले. "निळे झाले तर राहशील. नाहीतर ही जागा दुसऱ्याला."

त्या दिवशी सुगरणीनं जीव ओतून बशा केल्या. सकाळी उघडल्या तर ठिपके टपोरे, पण पांढरेफटक.

"पोसलेत मात्र छान," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

पोरगी रडलीसुद्धा नाही. "मावशींच्या हातचं कधी चुकत नाही. म्हणजे माझंच चुकलं," एवढंच म्हणाली. सरांनी सगळं नष्ट करायला सांगितलं. बशा आणि ते वाण साठवलेल्या नळ्या सुगरणीनंच वाफेच्या यंत्रात घातल्या.

तीन आठवड्यांनी बरणी संपली. नवी मागवायची म्हणून तिनं चिठ्ठी वाचली. पांढऱ्या झाकणाखाली ग्लुकोज! नव्या खेपेत झाकणं बदलून आली होती, मेली! जंतू बिचारे आपल्या स्वभावाला जागले होते.

ती तशीच सरांकडे गेली.

"आता सांगून काय उपयोग?" सर म्हणाले. "जागा भरली."

"चूक माझी आहे. मला काढा."

"तुम्हाला काढून ती जागा परत येणार आहे का?" त्यांनी पुढ्यातला कागद ओढला.

मग तिनं पोरीला फोन लावला. "तुझं काही चुकलं नव्हतं गं, बाई," म्हणत सगळं सांगितलं. सुगरणीला वाटलं, आता शिव्या देईल.

"मावशी, एखादी नळी उरलीय का हो?" पोरीनं विचारलं. "एकच चालेल. तेवढ्यातून सगळं परत उभं करीन मी."

सुगरणीनं मान वळवली. नळ्या सगळ्या होत्या, मोजून चाळीस. तिनंच घासून, पुसून, लख्ख करून उलट्या मांडून ठेवल्या होत्या.