मायचं डोरलं आणि मागून आणलेलं मशीन

मायचं डोरलं, मंगळसूत्रातल्या सोन्याच्या दोन वाट्या, धानाच्या चिखलात पडलं, तो अपघात होता. पुढचे दोन दिवस ते सापडलं नाही, ते काम माझं.

आमचं गाव कामठ्याजवळ. मी गोंदियाला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. (मुलं शिकतात की नाही, तो भाग वेगळा.) त्या वर्षी ऐन रोवणीत, धानाच्या लावणीत, बाबूजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली, सोमवारची. दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता; चहात साखर म्हणून मीठ टाकायचे आणि आमची फजिती नको म्हणून तो चहा पिऊनही टाकायचे. शुक्रवारी रोवणीचा पहिला दिवस. दुपारी मायचा फोन आला.

"डोरलं पडलं रे मनोज. सकाळी होतं. जेवाले बसली तं गळ्यात नुसती पोत."

"सापडेल माय."

"सापडेस्तोवर तुये बाबूजी दवाखान्यात जात नाहीत. गळ्यात डोरलं नाही आन् मी माणसाले सुरीखाली पाठवू?"

ही तारीख गेली की पुढची दिवाळीनंतर, तीही मिळाली तर. तोवर बाबूजींना धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालणंही जमलं नसतं. मी समजावलं, बाबूजींनी समजावलं. माय ऐकेना.

गोंदियात माझा मित्र अशोक जुनी यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. लांब दांडा, खाली थाळी, वर एक बटन.

"देख भाई," तो म्हणाला, "हर मिट्टी में थोड़ा लोहा रहता है, मशीन उसपर भी चिल्लाती है. जिस मिट्टी में ढूँढना है, वहीं कोई साफ जगह देख, जहाँ कुछ गिरा न हो. थाली ऊपर-नीचे कर और चुप होने तक बटन घुमा. इसको ग्राउंड बैलेंस बोलते. मिट्टी बदली तो फिर से कर."

"साइन्स टीचर हूँ मैं," मी म्हणालो. हे वाक्य मी त्यानंतर कुठेच उच्चारलेलं नाही.

शेतात वेळ जायला नको म्हणून मी त्याच्याच अंगणात बॅलन्स करून घेतला. शनिवारी सकाळी मायनं रोवलेल्या बांधीत, धानाच्या त्या वाफ्यात, उतरलो, थाळी चिखलावर धरली, आणि मशीननं जो टाहो फोडला, तो थांबेचना. धुऱ्यावर बसलेले बाबूजी दचकले.

"काय निंगालं?"

"सगळीकडे धातू दाखवतंय बाबूजी."

"सगळीकडं? मंग मी इतके वर्स धान कायले लावून राहिलो?"

मी त्यांना माती आणि लोहाचं प्रकरण समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तू हे गोंदियाच्या मुरमावर लावून आणलं. ही सिहार हाये, पिवळी, रेताळ. वरच्या बांधीत कन्हार हाये, काळी. दोघींचा स्वभाव येगळा. आमी खत देताना पायतो, तू मशीनले काऊन नाही सांगितलं?"

अशोकनं सांगितलेलंच हे, फक्त आता लाज वाटली.

तर सिहारीतली साफ जागा हवी होती, जिथं डोरलं पडलेलंच नसणार. पण त्या बांधीत माय सगळीकडे रोवत फिरली होती. एक कोपरा सोडून. आमच्या घरची रीत अशी, की रोवणीच्या पहिल्या सकाळी कोपऱ्यात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली जुडी लावायची, हळद-कुंकू वाहायचं आणि मग तिथं कोणी पाय ठेवायचा नाही.

"माय, त्या कोपऱ्यात कोणी रोवलं का?"

"देवाची जागा थे. तितं कोण पाय देईल?"

पाय नाही म्हणजे डोरलं नाही. (तर्क पाहा.) मी धुऱ्यावर उभा राहून जुडीशेजारी थाळी वर-खाली केली. बाकी बांधीपेक्षा तिथं मशीन जास्तच ओरडलं. देवाची जागा, माती कसदार असेल, असं म्हणून मी ते पार मुकं होईस्तोवर बटन फिरवलं.

मग दोन दिवस मी बांधी पालथी घातली. मशीन अधूनमधून कुरकुरायचं. बैलाच्या खुराचा नाल निघाला, विळ्याचं टोक निघालं, छत्रीची काडी निघाली. गावात बातमी गेली की मास्तर गडलेलं धन काढून राहिला, आणि धुऱ्यावर माणसं बसायला आली.

"मनोज," बाबूजी म्हणाले, "मले दिसत नाही, तरी दिसून राहिलं का तू पऱ्हे तुडवून राहिला."

रविवारी संध्याकाळी माझा धीर सुटला. "माय, नवं डोरलं घेऊन देतो. उद्या जाऊ दे त्यांना."

"डोरलं नवं आणशील. बाबूजी नवे कोठून आणशील?"

दोन दिवस मी मशीनशी झटत होतो आणि ती बाई दोन दिवस घाबरलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

ती उठून धुऱ्यावरून त्या कोपऱ्याशी गेली आणि जुडीला वाकून डोकं टेकवलं. बाबूजी तिच्या आधारानं जवळच उभे होते.

"अवो मनोजची माय, परवा अशीच वाकली होती का?"

"मंग कशी वाकू?"

"तवा पोत खाली लोंबली असन."

ते खाली बसले, देवाला हात जोडले आणि जुडीच्या मुळाशी चिखलात बोटं घातली. थोडा वेळ चाचपलं. मग मूठ वर काढून अंगठ्यानं चोळत राहिले.

"दोन वाट्या लागून राहिल्या. तुयंच हाये का पाय. मले दिसत नाही."

माय ते छातीशी धरून खूप रडली. मी हळूच मशीनची थाळी तिच्या मुठीवर नेली. मशीन गप्प. अगदी माझ्या वर्गातल्या पोरांसारखं, जे शिकवलं ते घोकून बसलं होतं. शुद्ध सोनं म्हणजे सिहार माती, हे मीच त्याला बटन फिरवून फिरवून शिकवलं होतं.

सोमवारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. बाबूजी डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर पडले होते, माय शेजारी, गळ्यात दोऱ्यानं घट्ट बांधलेलं डोरलं. सिस्टर चिठ्ठी घेऊन आल्या.

"हे थेंब आणा. खालच्या मेडिकलमध्ये नसले तर दोन-चार दुकानं शोधावी लागतील."

मी चिठ्ठी घ्यायला उठलो. बाबूजींनी पट्टीसकट मान वळवली आणि चपला चाचपायला पाय खाली सोडले.

"त्याले नोका पाठवू, सिस्टर. मी जाऊन येतो."