राहीबाईंची शेवटची प्लेट

साताऱ्यात याकूब अत्ताराचं फोनो दुरुस्तीचं एवढंसं दुकान होतं. हाताला गुण होता, पण आवडीच्या बाबतीत माणूस हट्टी. गिऱ्हाइकानं सिनेमाचं गाणं मागावं आणि यानं त्याला राहीबाई मेढेकर ऐकवाव्यात. अशानं धंदा होतो का, हे विचारून त्याची बायको जैनब थकली होती.

राहीबाई तरुणपणी तमाशाच्या फडात गायच्या तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. खरं सांगायचं तर तेव्हा लोक गाणं कमी ऐकत आणि बाईंना जास्त बघत. पन्नाशी उलटल्यावर, लढाईच्या दिवसांत, त्यांनी फोनोच्या प्लेटवर, म्हणजे तबकडीवर, शेवटचं गाणं भरलं. आवाज खाली आलेला, जरासा चिरलेला. घाट चढताना दमलेलं माणूस थांबतं तशा त्या वरच्या सुराआधी थांबायच्या, आणि नेमके तिथंच याकूबचे डोळे भरून यायचे. असं गाणं विशीत येत नाही, असं तो म्हणे. ते खरंही होतं. पण घेतो कोण!

दुकानदारांनी परत पाठवायला काढलेला या प्लेटांचा सगळा गठ्ठा त्यानं पदरमोड करून उचलला आणि निम्म्या किमतीत मांडला. लोकांनी एकदा ऐकावं, एवढंच त्याचं म्हणणं. आणि नवल म्हणजे दिवाळीच्या आत सगळ्या प्लेटा खपल्या. याकूब हरखून गेला. बाई, लोक तुमचं गाणं न्यायला लागले, असा त्यानं मेढ्याला निरोप धाडला.

राहीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. "याकूबभाई, एक मलाबी द्या की. माज्याकडं न्हाईच."

याकूबकडची एकुलती प्लेट ऐकून ऐकून झिजली होती. ती कशी द्यायची? एवढा खप झाल्यावर तिथं नव्या आल्याच असतील, अशा मोठ्या उमेदीनं तो बाईंना पेठेतल्या मोठ्या दुकानात घेऊन गेला.

तिथं ही गर्दी. प्लेटा लाखेच्या बनत आणि लढाईमुळे लाखेचा तुटवडा होता, म्हणून दुकानदारानं नियम काढला होता: जुनी प्लेट मोडीत द्या, तरच नवी मिळेल. रजेवर आलेला नाथाजी नावाचा शिपाई पिशवीतून एक प्लेट काढून देत होता. याकूबनं ती लांबूनच ओळखली.

"गड्या, ऐकलीस का ही?"

"न्हाई वो. हितं मोड द्यावी लागतीया. त्या अत्ताराकडं लय स्वस्तात मिळायच्या, समद्यांनी त्याच आनल्या."

दुकानदारानं ती प्लेट दारातल्या पोत्यात टाकली. पोतं निम्मं भरलं होतं, आणि वरच्या सगळ्या राहीबाईच होत्या. बाईंनी वाकून एक उचलली, उजेडात तिरकी धरून पाहिली. सुईचा एक ओरखडा नव्हता.

"कोरीच हाय," त्या म्हणाल्या.

"घरी न्या बाई. तुमचीच हाय," याकूब कसाबसा बोलला.

बाईंनी ती परत पोत्यात ठेवली, हळूच, फुटू नये अशी.

"न खपता पडल्या असत्या याकूबभाई, तर कवा तरी कोन ऐकंल म्हनून म्या वाट तरी बघितली असती."

त्या एकट्याच पेठेतून चालत गेल्या. त्या गाण्यावर साताऱ्यात एकट्या याकूबचा जीव होता, आणि मोडीतही त्यानंच घातलं होतं.