साडेपाचची हवा

गोटीराम घरत गोऱ्या बाईशी लग्न करणार, ही बातमी आमच्या उलव्याच्या सोसायटीत पहिल्यांदा लिफ्टमध्ये ऐकू आली. स्मिताकाकू सांगत होत्या, आणि तेही त्यांच्या त्या खास दबक्या आवाजात, जो दोन मजले वर जातो. "अगं, मेलवर मेल चाललेत म्हणे! बायकोला जाऊन वर्ष नाही झालं. शोभतं का हे वयाला?" वॉचमन मानसिंगने भर घातली, "पासपोर्ट भी बन गया, मॅडम." संध्याकाळपर्यंत बाईचे डोळे निळे झाले होते.

बाई होती, एवढंच खरं. ती परदेशातल्या एका हवामान केंद्रात कामाला होती आणि गोटीराम तिच्याकडे हवा मागत होते. गेल्या माघातली, एका दिवसाची.

गोटीरामांचं घर आमच्या कंपाउंडला खेटून. शेत विमानतळात गेलं, पण भाताच्या रोपांसाठी राब भाजायची सवय गेली नाही. दर माघात ते अंगणाच्या कोपऱ्यात शेण, पाला, सुकं गवत आणि वर माती असे थर घालायचे आणि पेटवायचे. चादरीएवढी जागा. पाऊस पडला की त्यात मूठभर भात पेरायचे. ती रोपं लावणार कुठे, हे कोणी विचारायचं नाही.

गोटीरामांच्या बायकोला, प्रेमलाकाकूंना, दमा. गेल्या माघातल्या त्या संध्याकाळी वारा पडला होता. साडेपाचच्या सुमाराला त्या ओट्यावरून ओरडल्या, "अवो, वारा परलाय. आज राब नको." गोटीरामांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तुला काय कलतं वाऱ्यातलं!" सहाला त्यांनी काडी ओढली. धूर वर गेलाच नाही, अंगणात बसून राहिला. रात्री काकूंना हॉस्पिटलात नेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

डॉक्टर म्हणाले दमा. नातेवाईक म्हणाले वेळ आली होती. दिवस झाले, पाहुणे पांगले, तरी गोटीराम राबाच्या काळ्या चौकोनाकडे तोंड करून बसायचे.

मग त्यांची पुतणी गीतांजली पुण्याहून आली. ती हवेतल्या धुराधुळीचा अंदाज कॉम्प्युटरवर कसा काढतात, ते शिकत होती. तिने सांगितलं, "काका, आधी सुरुवात द्यावी लागते. अमक्या दिवशी, अमक्या वेळेला हवेत काय काय होतं, ते. तिथून कॉम्प्युटर पुढचं गणित करतो. तोच दिवस पुन्हा चालवून बघता येतो."

"राब पेटवून आन् न पेटवून, असा दोनदा?"

"करता येईल. पण त्या दिवसाची सुरुवातीची माहिती परदेशातल्या एका हवामान केंद्राकडून मागावी लागेल. मी मागते."

"अर्ज मी लिवनार," गोटीराम म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे बांधले होते. अर्ज म्हणजे त्यांच्या घरचं काम. टाइप करायला मला बोलावलं, कारण मी समोरच्याच बिल्डिंगमधली, आणि प्रेमलाकाकू मला कायम म्हणायच्या, "उन्नती, माजा आवाज कार की!" मी काढायचे. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

"विषय टाक. सुरवातीच्या हवेची खरी प्रत मिलन्याबाबत."

"काका, मेलमध्ये असं नाही लिहीत."

"विषय नसला तर कागद फायलीला लागत नाय."

मेलसोबतच्या फॉर्ममध्ये वेळेच्या रकान्यात दोनच आकडे होते, शून्य किंवा बारा. "बारा टाक. दुपारची. काडी वडायच्या आधीची हवा पायजे." शेवटचा रकाना प्रयोगाच्या हेतूचा. फोनवर गीतांजली म्हणाली, "धुराच्या अंदाजाचा अभ्यास, असं लिहा." गोटीरामांनी नकारार्थी मान हलवली.

"कागदावर खोटं नको. लिव. माज्या राबानं माजी बायको गेली का, ते पाह्याचं हाय."

माझी बोटं थांबली. मग मी त्याचं इंग्रजी केलं आणि गंमत करून वातावरण हलकं करायला म्हटलं, "उत्तर येणार नाही. लावा पैज."

"लाव. कागद नीट लिवला का उत्तर येतंच."

"जिंकलात तर मागाल ते."

"सांगन तवा," ते म्हणाले.

सतरा दिवस काही आलं नाही. त्यांनी स्मरणपत्र एक पाठवलं, मग स्मरणपत्र दोन. सोसायटीच्या गप्पांत साखरपुडा याच दिवसांत ठरला. अठराव्या दिवशी केंद्रातल्या बाईचं उत्तर आलं. आधी तिने दुःख व्यक्त केलं होतं, मग माहितीची लिंक दिली होती आणि खाली एक ओळ: बारा म्हणजे आमच्या घड्याळाचे बारा, तुमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच.

रविवारी गीतांजली लॅपटॉप घेऊन आली. ओट्यावर बसून तिने आधी सुरुवातीच्या हवेचं चित्र दाखवलं, मग पुढच्या धुराची दोन. एक राबासकट, एक राबाशिवाय. गोटीरामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन्ही सारखी.

"मंजे माजा दोष नाय?"

गीतांजलीने खोटं बोलायला तोंड उघडलं असावं, पण बोलली खरंच. "काका, कॉम्प्युटरच्या नकाशात उलव्यापासून कर्जतपर्यंत एकच चौकोन आहे. कळंबोलीचे ट्रक, बांधकामाची धूळ, सगळं त्यातच. तुमचा राब त्याला दिसतच नाही. दोष आहे, नाही, त्याला काहीच सांगता येत नाही."

"त्याला नाय दिसत," गोटीराम हळू म्हणाले. मग त्यांनी सगळ्यात पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. "ही सुरवात. साडेपाचची?"

"हो."

"तवा ती वरडली होती."

त्या चित्राची त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि नंबर घालून फायलीला लावली. माघ पुन्हा तोंडावर आला होता. अंगणात पाल्याचे थर रचून तयार होते, शेजारी काडेपेटी. त्यांनी मला हाक मारली.

"उन्नती, पैज हरलीस ना?"

"हरले, काका."

"मंग प्रेमलाचा आवाज कार. त्या दिशी बोल्ली तो. गॅलरीतून आयकलंस ना तू?"

ऐकला होता. मी 'नको' म्हणणार होते, पण मागाल ते, असं मीच म्हटलं होतं. मी ओट्यावर, काकू उभ्या राहायच्या तिथे गेले. मग त्यांचा आवाज काढला.

"अवो, वारा परलाय. आज राब नको."

गोटीरामांनी मान वर केली.

"बरं," ते म्हणाले. "नाय भाजत."