सुमनच्या नावाचं गाऱ्हाणं

दसऱ्याच्या दिवशी, सात-आठ बायकांदेखत, मी देवाकडे सोबत काम करणाऱ्या बाईची चुगली केली. तीही नाव घेऊन, मोठ्याने. तेव्हा मी लहान होते, अवघी एकसष्ट वर्षांची. आता अडुसष्टाव्या वर्षी त्या पोरीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

गाव सोडलं ते ह्यांचं वर्षश्राद्ध उरकून. मुलगा न्यायला आला होता. मी रिक्षात बसले, उतरले, मागचं दार बघून आले. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. "आई, दार कुठे पळून जात नाही," तो म्हणाला. शेजारच्या वहिनीकडे किल्ली दिली आणि "दिवाळीला येतेच" असं ठोकून दिलं.

मुलुंडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर, रात्री नऊला आत. नातू पुण्याला हॉस्टेलवर. गावात दिवसभर माणसांवर ओरडणारी मी, इथे एकदा वॉशिंग मशीनला विचारलं, "झालं काय गो तुझं?" ते टीं करून थांबलं. मला इतका आनंद झाला की माझी मीच घाबरले.

म्हणून स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रात लागले. पहिल्याच दिवशी ऐटीत सांगितलं, "मला काही पगाराची गरज नाही हो. वेळ जात नाही, म्हणून येते." तव्यावर सुमन होती, पन्नाशीची. तिने वर पाहिलंही नाही. पण त्या दिवसापासून माझ्या पोळ्या वेगळ्या ठेवायला लागली. "ह्या आजींच्या. ज्याला दात आहेत त्यालाच द्या." खोटं कशाला बोलू, माझा हात भाकरीचा, पोळी जाडच व्हायची. पण माझं लाटणंही नेमकं हरवायचं. मी डबा उघडला की ही उठायची, आणि तिच्यामागून बाकीच्या. घरी एकटी जेवायचे, तिथेही एकटीच. मग जायचं कशाला?

राजीनामा लिहिला. हे शाळेत क्लार्क होते, त्यामुळे अगदी "वरील विषयास अनुसरून" थाटात. पण तो पर्समधून बाहेर निघेना. दिला की दुसऱ्या दिवसापासून परत ते मशीनच.

तेवढ्यात दसरा आला. शेगड्या, पोळपाट, लाटणी पुजली. मालकीणबाई पार्ल्याच्या. "आजी, तुमच्या कोकणातलं ते गाऱ्हाणं घाला ना," म्हणाल्या. माझी आई म्हणायची, "देवासमोर तरी तोंड आवर गो." कसलं आवरतेय!

"बा देवा म्हाराजा, ह्यो चुली अशोच पेटत्यो ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका हसत, पुढेमागे ओरडल्या. एकच आवाज अगदी ठेक्यात येत होता. मला चेव चढला.

"आणि ह्या सुमनीच्या जिभेर जो काटो आसा, तो काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या लागलेल्या सुरात ओरडल्या, मालकीणबाईसुद्धा. फक्त तो ठेक्यातला आवाज आला नाही.

सुमन चपला घालून निघून गेली. मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "आजी, तुमच्या जागेवर सुमनला तिच्या बहिणीला लावायचं होतं. नवरा वारलाय त्या बहिणीचा. तुम्ही आधी आलात, म्हणून मी तुम्हाला घेतलं." आणि मी वेळ घालवायला आले होते!

दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा अर्ज थेट सुमनपुढे धरला. "मी सोडते. बहिणीला बोलव." तिने तो घेतला, न वाचता चौघडी केली आणि त्यानेच धरून भाजीचं गरम पातेलं उतरवलं. "ती लागली विक्रोळीला, कॅन्टीनमध्ये," एवढंच म्हणाली. मी तरीही पर्स उचलली. तोंड दाखवायला जागा होती कुठे?

गावच्या मंडळींनो, तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार. किल्ली अजून वहिनीकडेच आहे. पण त्या दाराआड आता माझ्याशी बोलणारं कोणी नाही, आणि चौदाव्या मजल्यावरही नाही. दुपारी साडेबाराला मात्र एक बाई रोज माझ्या पोळ्यांना नावं ठेवते आणि न विचारता माझ्या डब्यातलं लोणचं उचलते.

त्या दिवशी मी दारापर्यंत पोचले होते. तेव्हा पाठीमागून, तव्यावरची नजर न काढता, सुमन बोलली. मुलुंडात आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी माझ्या बोलीत बोललं:

"घराक जावन भांडतलंस कोणाबरोबर गो, म्हातारे?"