तेरा तासांचे अंतर

मुलाकडे मेलबर्नला राहायला जाण्यासाठी सोलापूर सोडताना विमानाचा वार पंचांगाशी जुळत नव्हता. म्हणून चार दिवस आधी सुमुहूर्तावर तांदूळ, सुपारी आणि माझे उपरणे एका फडक्यात बांधून मी धाकटा भाऊ वामन याच्या घरी प्रस्थान ठेवले. असे केले की प्रवास त्या शुभ घटकेलाच सुरू झाला, अशी आमची श्रद्धा. निघण्याच्या दिवशी गाठोडे हाती देत वामनाने विचारले, "अण्णा, मेलबर्न किती लांब हो?"

"दहा हजार किलोमीटर. मुंबईहून तेरा तास."

"तेराच? करमाळ्याचं लग्न उरकून परत यायला आम्हाला तेवढेच लागतात की! मग हाक मारली की या."

"आणि रिकाम्या हातानं येऊ नका," त्याची पत्नी सुमन म्हणाली. सगळे हसले.

दोन वर्षांनी वामनाची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. तेव्हाच एखाद्या शुभ दिवशी मी प्रस्थान ठेवायला हवे होते. परंतु ते दुसऱ्याच्या घरी ठेवावे लागते, आणि मेलबर्नमध्ये एकाही शेजाऱ्याचे नाव मला ठाऊक नव्हते.

मग एके सकाळी सुमनचा फोन आला. "अण्णा, गंगाजल तुमच्याच हातनं घेणार म्हणतात. लगेच निघा."

मुलाने तासाभरात त्याच दिवशीच्या विमानात जागा शोधली. मी पंचांग उघडले. अमावास्या होती.

"उद्याचे पाहा," मी म्हणालो.

"अण्णा, विमानाला कसली अमावास्या?"

विमानाला नसेल, मला होती. आयुष्यभर इतरांना मुहूर्त काढून दिले. स्वतःच्या वेळी शास्त्र कसे मोडावे?

दुसऱ्या दिवशी निघालो. समोरच्या पडद्यावर चिमुकले विमान समुद्रावरून सरकत होते आणि उरलेले किलोमीटर एकेक करून घटत होते. मी शिवनाम घेत ते आकडे पाहत राहिलो. मुंबईला उतरल्यावर फोन सुरू केला. मी समुद्रावर असतानाच वामन गेला होता.

मोटारीने सोलापूर गाठले. माझ्यासाठी त्याला बर्फाच्या पेटीत ठेवले होते. मिटल्या ओठांवर मी गंगाजल सोडले. ते गालावरून ओघळून गेले.

"काल दिवसभर दाराकडं बघत होते," सुमन म्हणाली. "अण्णा, आदल्या दिवशीचं विमान नव्हतं का?"

"नव्हते," मी म्हणालो.

"मग तुमचा काय दोष?" दहनानंतर शेजारणीने आणलेली पिठले-भाकरी तिने स्वतः माझ्यापुढे सरकवली. मी जेवलो.

दिवसकार्य आटोपून मी मेलबर्नला परतलो. त्रिकाळ संध्या चालू आहे, परंतु अर्घ्य देताना हात थबकतो. मुलांपाठी दूरदेशी आलेले माझ्या वयाचे लोक विचारतात, घराची ओढ वाटते का? वाटते. पण घर म्हणजे आता मला वेस आठवत नाही, देऊळ आठवत नाही. जिथे माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून मला जेवू घातले, ते एक दार आठवते. त्या दारात पुन्हा उभे राहण्यापूर्वी एवढे लिहून ठेवतो.

सुमन, विमान होते. जागाही होती.