मिलिंदचा पट्टा, वैशालीचा कान

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दारात चपला साठतात तसे ते साठतात, आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या माणच्या ऑफिसातले तर इतके साठलेत की मी ते फक्त दिवसाउजेडी आणि चार माणसांतच सांगते. एकटीनं आठवायचे नाहीत, असं ठरवूनच टाकलंय!

ऑफिस म्हणजे आमच्या घरमालकीण आक्कांच्या घराचा वरचा मजला. आयटी पार्कात जमीन गेली तेव्हा आक्कांनी वर मजला चढवला आणि भाड्यानं दिला. दोन हजार सहा-सातची गोष्ट. खाली आक्का, वर आम्ही. काम काय, तर माणसाला जास्तीची इंद्रियं बसवायची. हो, तेच!

लातूरच्या मिलिंदच्या कमरेला पट्टा होता. त्यात सगळीकडून बारक्या मोटारी बसवलेल्या. जी उत्तरेकडे असेल ती गुरगुरायची. तो पट्टा मिलिंद झोपतानाही काढायचा नाही. साताऱ्याच्या वैशालीच्या कानामागे एक यंत्र होतं. आपल्या कानांना कळतच नाहीत असे बारीक आवाज ते तिला ऐकवायचं. आणि मी कोरी! मला काहीच लावलेलं नव्हतं. या दोघांना काय जाणवतं ते विचारायचं आणि साध्या माणसाला समजेल असं लिहायचं, ही माझी नोकरी.

साहेब म्हणायचे, "पुढे प्रत्येक जण आपापल्या मापाची इंद्रियं शिवून घेईल. तेव्हा माणसं एकमेकांशी बोलणार कशी, ते आपण आत्ताच बघून ठेवू."

बघितलं. पोटभर बघितलं.

* * *

काही महिन्यांत मिलिंद डावं-उजवं विसरला. खाली जेवायला बसलो की म्हणायचा, "आक्का, तुमच्या पूर्वेची बरणी द्या."

आक्का कपाळाला हात लावायच्या. "आमी देवापुढं दिवा लावताना दिशा बगतो, ह्यो लोणचं मागताना बगतोय!"

आम्ही हसून हसून बेजार. मग एक दिवस वर ऑफिसातच राहणाऱ्या मिलिंदनं खोलीतली कॉट फिरवली आणि उत्तरेला डोकं करून झोपायला लागला. आक्का झाडायला वर आल्या आणि दारातच थबकल्या. "आरं, उठ! उत्तरेला डोकं मेल्याचं आसतंय!"

मिलिंदनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाला, "हो ना. त्यांना तिकडे बरं वाटत असणार."

आक्का केरसुणी तिथेच टाकून खाली गेल्या. त्या दिवशी खोली मीच झाडली.

* * *

वैशालीसमोर किल्ल्या वाजवायची सोय नव्हती. ट्यूबलाइट लावली की ती म्हणायची, "बंद करा रे, रडतेय ती." सवय झाली आम्हाला.

एकदा साहेबांनी सगळ्यांना मुळशीला धरणावर नेलं. भजी खाऊन झाली, सूर्य मावळायला आला, सगळे गप्प झाले. साहेब म्हणाले, "वा! काय शांतता आहे!"

वैशाली दोन्ही कान दाबून ओरडली, "शांतता? अहो, बाजार भरलाय इथे!"

वटवाघळं निघाली होती डोक्यावरून. आम्ही टाळ्याच वाजवल्या. यंत्र झकास चाललं होतं! साहेब तर फोटो काढायला लागले. तेवढ्यात वैशालीनं मान खाली केली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "ते वरचे समजले. पण खालून कोण हाका मारतंय?"

पाण्याखाली वटवाघळं नसतात, एवढं मला कोरीलाही माहीत आहे. साहेब म्हणाले, "गाडीत बसा." सगळे पटापट बसलो.

* * *

मग आली रिपोर्टची मीटिंग. साहेबांचा हट्ट साधाच होता: "या खोलीबद्दल मला एक वाक्य द्या, जे दोघांनाही पटेल."

मिलिंद म्हणाला, "खोली तिरकी आहे." वैशाली म्हणाली, "छे! खोली चिडलेली आहे." मिलिंद म्हणाला, "भिंत कशी चिडेल?" ती म्हणाली, "मग भिंत तिरकी आहे हे तुला कमरेनं सांगितलं का?" तो म्हणाला, "अर्थात!"

जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी मी दोघांच्या सहीनं साहेबांना एकच वाक्य दिलं: 'चहा गरम होता.' साहेबांनी ते बराच वेळ वाचलं आणि घरी गेले.

* * *

आणि असं भांडणाऱ्या दोघांचं जमलं की हो! मला आधी पत्ताच नव्हता. एकदा वैशाली माझ्याशी बोलताना मधेच थांबली आणि म्हणाली, "जिन्यात आहे तो. आक्कांच्या गोठ्याकडे तोंड करून उभा आहे." मी जाऊन बघितलं, तर खरंच!

पट्ट्यातली प्रत्येक मोटार आम्हाला ऐकू न येणारी बारीक शिट्टी वाजवायची, आणि प्रत्येकीची शिट्टी वेगळी. कुठली मोटार वाजतेय त्यावरून तो कुठे वळलाय ते हिला पाठीमागूनही कळायचं. हळूहळू तो मुद्दाम वळायला लागला. थोडं इकडे, थोडं तिकडे. ती लाजायची, कधी रुसायची, कधी डोळे पुसायची. तोंडानं दोघं एक शब्द बोलायची नाहीत! मी मधे वही-पेन घेऊन बसलेली. दुसऱ्याच्या घरी टीव्हीचा आवाज बंद करून सिनेमा बघावा, तशी.

लग्न माणलाच झालं. अंतरपाटाच्या दोन बाजूंना, पूर्व-पश्चिम, दोघांना समोरासमोर उभं केलं. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला. दोघंही समोर बघतच नव्हती. दोघांचीही तोंडं उत्तरेला! हार तसेच हातात.

भटजी म्हणाले, "अहो, एकमेकांकडे बघा!"

वैशाली म्हणाली, "बघतोच आहोत."

 माझ्या अक्षता मुठीतच राहिल्या.

* * *

पुढे पैसे आटले, प्रोजेक्ट बंद झालं, यंत्रं परत गेली. आक्कांनी वरचा मजला या दोघांनाच राहायला दिला. मिलिंदला पट्ट्याशिवाय झोप लागेना, म्हणून त्यानं घरीच दुसरा बनवला. वैशालीचं यंत्र काही घरी बनण्यातलं नव्हतं.

मी भेटायला गेले. मिलिंदनंच दार उघडलं, पाणी दिलं, वैशालीच्या शेजारी बसला. ती माझ्याशी छान बोलली. मग तिनं मला विचारलं, "मिलिंद आला का गं?"

मिलिंदनं तिच्या हातावर हात ठेवला. ती दचकली. मी चहा न घेताच निघाले.

* * *

त्यांना मुलगी झाली, रेवा. गोड, हसरी, टपोऱ्या डोळ्यांची. पण दोन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, उलट लहान मुलांना मोठ्यांपेक्षा बारीक आवाज ऐकू येतात. घरात बोला जरा!

आता कळलं? मिलिंद वळला की पोर वळायची. तो थांबला की थांबायची. यंत्राशिवाय! वैशाली मला म्हणाली, "तिला तो ऐकू येतो. मला येत नाही." इतकं उघडं दुःख मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आणि मिलिंदला एकच ध्यास होता, पोरीनं एकदा 'बाबा' म्हणावं. आक्का त्याला तोंडावर बोलल्या, "त्या पट्ट्यापायी पोर मुकी ऱ्हाईल. बाप हायेस का कंपनीतलं मशीन? काड त्यो!"

त्यानं काढला. एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, आम्हा सगळ्यांसमोर. पट्टा खुंटीला अडकवला. बॅटरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही."  भिंतीला धरून तो खाली बसला.

रेवा आक्कांच्या मांडीवर होती. मिलिंदनं हात पसरले. "ये, रेवा. ये माझ्याकडे."

ती उतरली. डुगूडुगू चालत निघाली. वैशालीनं तोंडावर पदर धरला. मिलिंदचे डोळे भरून आले होते. रेवा त्याच्या जवळ आली आणि त्याच्या हाताखालून वाकून पुढे गेली. खुंटीखाली उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि लख्ख, गोड आवाजात म्हणाली, "बाबा!"

बॅटरी माझ्या मुठीत होती.